टायर, ट्यूब आणि त्यांमधली हवा

पक्क्या रस्त्यावर चालवण्यासाठी बनवलेली सायकल, जिला आता सर्रास रोडबाइक म्हटले जाते, ती विकत घेताना ग्राहकाचे लक्ष बहुधा सांगाड्याचे साहित्य, गिअरची संख्या आणि एकूण वजन यांवर खिळलेले असते. टायरचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि ट्यूबचा तर होतच नाही. वस्तुतः स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले आणि चाकांत ६ बार दाबाची हवा असली (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब, पंपाच्या काट्यावरचे साडेचौदा पीएसआय), तर दोन्ही टायर मिळून रस्त्याला टेकणारी जागा जेमतेम १४ चौरस सेंटिमीटर भरते. आगपेटीच्या पाठीपेक्षाही लहान अशा या जागेतून वळण, ब्रेक आणि वेग यांचे सगळे व्यवहार होतात, आणि खड्ड्याचा धक्का स्वाराच्या मनगटापर्यंत पोचतो तोही तिथूनच.

प्रस्तुत ग्रंथाची मांडणी एका साध्या विधानावर उभी आहे: सायकलचा भार टायर पेलत नाही, हवा पेलते; टायर त्या हवेला आकार देतो आणि ट्यूब तिला निसटू देत नाही. हे मान्य केले की निवडीचा क्रम आपोआप ठरतो. आधी रस्ता आणि वजन, त्यावरून टायरची रुंदी, रुंदीवरून हवेचा दाब, मग टायरची घडण आणि सर्वांत शेवटी ट्यूब. बाजारात हा क्रम नेमका उलटा चालतो. ग्राहक आधी नाममुद्रा ठरवतो, मग वजनाचे ग्रॅम मोजतो, आणि हवा मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत, बोटाने दाबून दगडासारखी लागेपर्यंत भरतो.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना जॉन बॉइड डनलॉपच्या नावावर रूढ असली तरी ती त्याच्या चार दशके आधी कागदावर उतरली होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घोडागाड्यांच्या चाकांसाठी, चामड्याच्या वेष्टनात रबर चढवलेल्या कापडाची फुगवलेली नळी बसवण्याचे पेटंट घेतले. गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची, म्हणजे व्हल्कनायझेशनची, क्रिया चार्ल्स गुडइअरला १८३९ मध्ये सापडली होती, त्यामुळे साहित्य हाताशी होते. पण गाडी ओढणारा घोडा होता आणि चाक घरंगळवायला किती श्रम पडतात याची तक्रार घोडा करत नव्हता. ती तक्रार स्वतःच्या पायांनी अनुभवणारा माणूस सायकलवर बसला तेव्हाच या शोधाला गिऱ्हाईक मिळाले. बेलफास्टमध्ये पशुवैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या प्रयोगातून १८८८ मध्ये आपले पेटंट मिळवले, १८८९ मध्ये विली ह्यूम या स्वाराने ते टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या, आणि त्यानंतर थोड्याच काळात थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्याने डनलॉपचे पेटंट रद्द ठरले. थॉमसन तोवर हयात नव्हता. नाव मात्र डनलॉपचेच राहिले.

डनलॉपच्या टायरची अडचण वेगळीच होती. तो रिमवर कापडाने गुंडाळून चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढणे हे काही तासांचे काम होई आणि डिंक वाळण्यासाठी रात्र जाई. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे रबराचा कारखाना चालवणाऱ्या मिशलँ बंधूंनी ही अडचण ओळखून १८९१ मध्ये सोडवून काढता येणारा टायर केला, आणि त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परतण्याच्या सुमारे १२०० किलोमीटरच्या शर्यतीत शार्ल तेराँ हा स्वार तो टायर लावून ७१ तासांच्या आसपास पहिला आला. दुसरा आलेला जिएल-लाव्हाल डनलॉपच्या टायरवर होता. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये दोन पेटंटे निघाली. चार्ल्स किंग्स्टन वेल्चने टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी पोलादी तार घातली, तर विल्यम अर्स्किन बार्टलेटने टायरची कड रिमच्या आत वळलेल्या ओठात अडकवली. आजच्या नेहमीच्या टायरमध्ये हे दोन्ही विचार एकत्र नांदतात: कडेतली तार किंवा तिच्या जागी आलेला अरामिड धागा, ज्याला बीड म्हणतात, आणि रिमचा ओठ, ज्याला हुक म्हणतात. या सुखसोयीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी, कारण १८९० च्या दशकातल्या सायकलींच्या लाटेने रबराची जी मागणी निर्माण केली तिचा काही भाग बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या ताब्यातील काँगोमध्ये सक्तीच्या श्रमातून भागवला गेला, आणि टायरच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत हे पान अगदी घाईने उलटले जाते.

पुढच्या सव्वाशे वर्षांत रस्त्याच्या सायकलच्या टायरचे तीन पंथ झाले. पहिला ट्युब्युलरचा: यात सुती, रेशमी किंवा नायलॉनच्या धाग्यांचे अस्तर, म्हणजे केसिंग, ट्यूबभोवती गुंडाळून आतून शिवतात आणि अख्खी नळी रिमवर डिंकाने चिकटवतात. ती हलकी असते, रिमच्या कडेवर ट्यूब चिमटली जाण्याचा धोका तिला कमी असतो, आणि हवा गेल्यावरही रिम न सोडता काही अंतर सावकाश चालवता येते. म्हणून व्यावसायिक शर्यतींत ती जवळजवळ शंभर वर्षे टिकली. टूर द फ्रान्सच्या जुन्या छायाचित्रांत स्वारांच्या खांद्यावरून आडव्या गेलेल्या नळ्या दिसतात त्या याच. दुसरा पंथ क्लिंचरचा, म्हणजे वेगळा टायर आणि वेगळी ट्यूब. हाच सर्वसामान्यांचा मार्ग आणि या ग्रंथाचा मुख्य विषय. तिसरा ट्यूबलेसचा, जो डोंगरी सायकलींत १९९९ च्या सुमारास मानकासह आला आणि रस्त्याच्या सायकलींत २००६ पासून रुजू लागला. यात ट्यूब नसते, टायरची कड रिमला हवाबंद बसते आणि आत ओतलेले पातळ रबरी द्रव, म्हणजे सीलंट, लहान छिद्र आपणच बुजवते. मोटरसायकलच्या ट्यूबलेस टायरमध्ये टोच्याने चिकट दोरी घुसवून पंक्चर काढण्याची जी रीत महाराष्ट्रातल्या प्रत्येक हमरस्त्यावर दिसते, तीच मोठ्या छिद्रासाठी इथेही लहान प्रमाणात वापरली जाते. मात्र सीलंट उष्ण हवेत लवकर सुकते आणि दर काही महिन्यांनी पुन्हा भरावे लागते. जो स्वार एवढी निगा राखणार नाही, त्याने ट्यूबलेसच्या वाटेला जाऊ नये असे या ग्रंथाचे स्पष्ट मत आहे.

ट्यूबच्या बाबतीत चर्चा जितकी होते तितका विषय मोठा नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी ब्युटिल हे कृत्रिम रबर तयार केले, ज्यातून हवा अतिशय मंद गतीने झिरपते, आणि काळ्या ब्युटिलची सुमारे १०० ग्रॅमची ट्यूब आजही सर्वांत निर्धोक आहे. नैसर्गिक रबराची, म्हणजे लॅटेक्सची, ट्यूब अधिक लवचिक असल्याने चाकाचा विरोध काही वॅटने कमी करते, पण तिची हवा एका रात्रीत लक्षात येईल इतकी उतरते, त्यामुळे रोज सकाळी पंप हातात घ्यावा लागतो. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, म्हणजे टीपीयूची, ट्यूब २५ ते ४५ ग्रॅमची असते आणि घडी करून खिशात मावते. मात्र तिला रबर सोल्युशन आणि नेहमीचे ठिगळ चिकटत नाही, तिच्यासाठीचा वेगळा पॅच लागतो, आणि टायरबाहेर ती फुगवून पाहिली तर ताणून कायमची बेढब होते. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे, काचपेपरने जागा घासायची, सोल्युशन लावून सुकू द्यायचे आणि मग ठिगळ दाबायचे, हे नाक्यावरच्या दुकानदाराचे पिढीजात कसब ब्युटिलवर उत्तम चालते आणि टीपीयूवर अजिबात चालत नाही. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने काही ग्रॅम वाचवण्याआधी या गोष्टीचा हिशेब करावा.

खरा विषय रुंदीचा आणि दाबाचा आहे. टायर फिरताना रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा उसळतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर आणि धागे परत देत नाहीत, थोडी उष्णतेत जाते, आणि या तुटीलाच घरंगळण्याचा विरोध म्हणतात. तो एका गुणांकाने मोजतात. ८५ किलोच्या भारासाठी ताशी ३० किलोमीटर वेगाने गुणांक ०.००५ असेल तर या विरोधात सुमारे ३५ वॅट खर्च होतात, ०.००३ असेल तर सुमारे २१. हा १४ वॅटचा फरक केवळ टायरच्या घडणीतून येऊ शकतो आणि महागड्या सांगाड्याने वाचणाऱ्या वजनापेक्षा सपाट रस्त्यावर तो कितीतरी मोलाचा असतो. दाब तोच असेल तर रस्त्याला टेकणाऱ्या जागेचे क्षेत्रफळही तेच राहते, कारण भार भागिले दाब हा हिशेब बदलत नाही. बदलतो तो आकार. अरुंद टायरची टेक लांबट होते, रुंद टायरची आखूड आणि आडवी, आणि आखूड टेकीत टायरची बाजू कमी वाकते. म्हणजे दाब समान ठेवला तर रुंद टायर अधिक हलका धावतो. हे विधान जुन्या पिढीच्या स्वारांना आजही पटत नाही.

न पटण्याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस शर्यतीत १९ ते २३ मिलिमीटरचे टायर आठ बारच्याही वर हवा भरून वापरत, आणि त्यामागे प्रयोगाचा आधार होता: गुळगुळीत पोलादी पिंपावर टायर फिरवून मोजले तर दाब वाढवावा तसा विरोध घटतच जातो. चूक मोजणीत नव्हती, पिंपात होती. खऱ्या रस्त्यावर डांबराच्या प्रत्येक खडीवर टणक टायर उडतो आणि स्वाराचे शरीर हादरते. स्नायू आणि चरबी यांत ती ऊर्जा जिरते, आणि एका मर्यादेनंतर दाब वाढवला की एकूण विरोध वाढू लागतो. सिएटलहून जान हाइने यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ने २००० नंतरच्या दशकात प्रत्यक्ष रस्त्यावर केलेल्या चाचण्यांनी हा मुद्दा ऐरणीवर आणला. फ्रान्समधील सायकल-पर्यटकांची परंपरा तर कितीतरी आधीपासून ६५०बी आकाराच्या रुंद, मऊ केसिंगच्या टायरवर डोंगर ओलांडत आली होती, पण तिच्याकडे म्हाताऱ्यांची हौस म्हणून पाहिले गेले. आंतरराष्ट्रीय शर्यतींत २०१८ पासून डिस्क ब्रेकला पूर्ण मान्यता मिळाली, रिम कवेत घेणारा ब्रेक गेल्यामुळे सांगाड्यात रुंद टायरला जागा झाली, आणि २५ वरून २८, मग ३० अशी रुंदी वाढत गेली. आज शर्यतीतले स्वार जे टायर वापरतात ते तीस वर्षांपूर्वी पर्यटकाचे म्हणून हिणवले गेले असते.

दाब ठरवण्याचा सर्वांत उपयुक्त मार्ग फ्रँक बर्टो या अमेरिकी अभ्यासकाने सुचवला: भार पडल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्के दबावी. पाठीमागच्या चाकावर भार अधिक असतो, म्हणून पुढच्यात हवा कमी हवी, ही साधी गोष्टही बहुतेक स्वार पाळत नाहीत. रुंदी वाढली की आतल्या हवेचे आकारमान रुंदीच्या वर्गाने वाढते. २५ वरून २८ मिलिमीटरवर गेले की हवा सुमारे सव्वापट होते आणि ३२ वर सुमारे दीडपटीहून अधिक. त्याच दाबाला रुंद टायरचे केसिंग अधिक ताणले जाते व टायर अधिक टणक लागतो, म्हणून रुंदी वाढवून दाब तोच ठेवणाऱ्याला खडबडीत रस्त्यावर रुंदीचा लाभ पदरात पडत नाही. उलट दाब फारच कमी ठेवला तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमशी चिमटून शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, ज्याला साप चावल्याचे पंक्चर म्हणतात.

नक्षी आणि धागे यांबद्दल थोडक्यात. मोटारीच्या टायरवर पाणी बाहेर टाकण्यासाठी खाचा लागतात, सायकलच्या टायरवर लागत नाहीत. विमानांच्या चाकांसाठी काढलेल्या सूत्रानुसार पाण्यावर तरंगण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, आणि पाच बारच्या टायरसाठी तो ताशी १४० किलोमीटरच्या आसपास येतो. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने १९८० च्या दशकात अगदी गुळगुळीत टायरचा पुरस्कार केला तेव्हा ग्राहक घाबरले; पकड रबराच्या मिश्रणातून येते, खाचांतून नाही, हे पटायला वेळ लागला. इंचभरात किती धागे आहेत हा आकडाही जपून वाचावा, कारण काही निर्माते तीन थरांचे धागे मिळून बेरीज छापतात.

मापांचा गोंधळ मात्र सविस्तर सांगावाच लागतो, कारण दुकानातल्या बहुतेक चुका इथे होतात. रोडबाइकच्या टायरवर ७००सी असे लिहिलेले असते, पण त्यातले काहीही आज ७०० मिलिमीटर नसते. फ्रेंच पद्धतीत रुंद टायरसकट चाकाचा बाहेरचा व्यास ७०० भरे आणि ए, बी, सी ही अक्षरे रुंदीची होती. आता महत्त्वाचा आकडा ६२२, म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये. या चाकाला काही देशांत अठ्ठावीस इंची म्हणतात. आपल्याकडे मात्र अठ्ठावीस इंची म्हणजे दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या काळ्या दणकट सायकलचे चाक, ज्याचा हाच व्यास ६३५ असतो. तेरा मिलिमीटरचा हा फरक कितीही जोर लावून भरून निघत नाही. सव्वीस इंच म्हणून ५५९, ५७१, ५८४ आणि ५९० अशी किमान चार वेगळी मापे चालतात. म्हणून टायरच्या बाजूवरचा २८-६२२ असा जोडआकडा, आधी रुंदी आणि मग बैठकीचा व्यास, तेवढाच वाचावा. व्हॉल्व्हचेही तसेच: जुन्या सायकलींचा वॉलट्यूब घातलेला डनलॉप व्हॉल्व्ह, मोटारीसारखा जाड श्रेडर आणि बारीक प्रेस्टा. प्रेस्टासाठी रिमला साडेसहा मिलिमीटरचे छिद्र असते, श्रेडरला साडेआठ लागते, आणि रिमचे छिद्र कानशीने मोठे करून श्रेडर बसवण्याचा मोह अरुंद रिमच्या मुळावर येतो.

रिमचा प्रश्न आता सुरक्षिततेशी जोडला गेला आहे. कार्बनच्या काही नव्या रिमना हुक नसतो; त्यांवर फक्त अनुरूप टायर चालतो आणि दाब पाच बारच्या वर नेता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील शर्यतीत टॉमस डी गेंट या बेल्जियन स्वाराचा टायर अशा रिमवरून निसटला आणि तो पडला. रिमची आतली रुंदी २५ मिलिमीटर होती, टायर २८ चा, आणि युरोपीय टायर-रिम संघटनेच्या सुधारित मानकानुसार त्या रिमला किमान २९ चा हवा होता. एका मिलिमीटरवर एवढे अवलंबून असावे का, असा प्रश्न स्वारांच्या संघटनेने विचारला तो रास्तच होता.

मराठी वाचकासाठी या विषयाची निकड गेल्या दीड दशकात वाढली आहे. मुंबई-पुणे शर्यतीची परंपरा जुनी आहे. पण २०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली, आणि २००, ३००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे नावाच्या ठरावीक वेळेतल्या सायकलयात्रा अनेक शहरांत होऊ लागल्या. या स्वारांना उपलब्ध मार्गदर्शन मात्र युरोपच्या रस्त्यांसाठी आणि युरोपच्या हवामानासाठी लिहिलेले आहे. सकाळी २५ अंशांवर ६ बार भरलेला टायर दुपारी ४५ अंशांना पोचला की दाब जवळपास अर्ध्या बारने चढतो, हे तिथल्या तक्त्यांत नसते. आंबोली किंवा पसरणीच्या घाटात रिम ब्रेक दाबून धरत उतरताना रिम आणखी तापते, आणि म्हणून कार्बन रिम व रिम ब्रेक यांबरोबर लॅटेक्स किंवा टीपीयू ट्यूब वापरणे धोक्याचे ठरते. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांतल्या बारीक पोलादी तारा पसरलेल्या असतात. त्या टायरमध्ये शिरून तिथेच राहतात आणि नवी ट्यूबही तासाभरात भोसकतात, त्यामुळे ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून तार शोधणे हा इथल्या दुरुस्तीचा पहिला नियम आहे. बाभळीचा काटा निदान डोळ्यांना दिसतो. पावसाळ्यात पाणी वंगणासारखे काम करून काच आणि तार रबरात सहज सरकवते, म्हणून पंक्चरचे प्रमाण वाढते. पंक्चर रोखणारा जाड थर जितका दणकट, तितका टायर जड चालतो, ही देवघेव प्रत्येक स्वाराने स्वतःच्या रस्त्यापुरती ठरवायची आहे.

या ग्रंथात कोणत्याही टायरला क्रमांक दिलेला नाही. रबराची मिश्रणे दोन-तीन वर्षांत बदलतात, नाव तेच ठेवून आतली घडण वेगळी होते, आणि आजची गुणवत्तायादी पुस्तक हाती पडेपर्यंत शिळी झालेली असते; त्याऐवजी स्वतःचे वजन, रिमची आतली रुंदी आणि नेहमीचा रस्ता यांवरून निवड कशी करावी, याची पद्धत उदाहरणांसह दिली आहे. जिथे अभ्यासकांत मतभेद आहेत, विशेषतः ट्यूबलेस आणि हुक नसलेल्या रिमबाबत, तिथे दोन्ही बाजू मांडून ग्रंथाचा कल उघड सांगितला आहे. दाबाचे सर्व तक्ते बार आणि पीएसआय या दोन्ही एककांत आहेत, परंतु पायपंपांवरचे काटे एकमेकांशी क्वचितच तंतोतंत जुळतात; तेव्हा तक्ता उघडण्यापूर्वी वाचकाने आपला पंप दुसऱ्या एखाद्या मापकाशी ताडून पाहावा, फरक पंपाच्या दांड्यावरच लिहून ठेवावा, आणि त्यानंतर अर्धा बार कमी-जास्त करत एकाच ओळखीच्या रस्त्यावर फिरून यावे.